संरक्षण कारखान्याला, बांबू कुणाचा?

१९२५ साली दिल्लीच्या कायदेमंडळाने एक कायदा केला. त्याच्या नावातच बांबू होता: बांबू पेपर इंडस्ट्री (प्रोटेक्शन) ॲक्ट. परदेशातून येणाऱ्या छपाईच्या आणि लिहिण्याच्या कागदावर पौंडाला एक आणा जकात बसली. मुदत ३१ मार्च १९३२ पर्यंत. त्याआधी टॅरिफ बोर्डाने चौकशी केली होती. बोर्डाचे म्हणणे असे की गवतापासून कागद करणाऱ्या गिरण्यांना फार पुढे जाता येणार नाही, पण बांबू या देशात मुबलक आहे आणि तोडला तरी पुन्हा फुटतो. तेव्हा या धंद्याला काही वर्षे आडोसा द्यावा. पुढे असे दिसले की गिरण्या आडोसा घेतात आणि कागद मात्र परदेशी लाकडाच्या लगद्यातून काढतात. म्हणून १९३२ साली संरक्षणाची मुदत वाढवताना आयात लगद्यावरही टनाला ४५ रुपये जकात बसवली. संरक्षण हवे असेल तर बांबू वापरा, असा त्याचा सरळ अर्थ होता.

मला हा कायदा शहाणपणाचा वाटतो. त्यात मुदत होती, अट होती आणि अट टाळणाऱ्याला चाप होता. आज आयातशुल्काचे निर्णय रातोरात अधिसूचनेने निघतात. त्यांच्याशी ताडून पाहिले तर शंभर वर्षांपूर्वीच्या या कायद्यामागचा विचार अधिक नीटस दिसतो. पण त्यात एक माणूस नव्हता. बांबू वापरण्याची सक्ती होती, पण बांबू ज्याच्या रानात वाढतो आणि जो तो तोडतो, त्याला काय मिळावे याबद्दल एक शब्दही नव्हता. चंद्रपूर आणि गडचिरोलीकडून पाहिले तर संरक्षक जकातीच्या सगळ्या वादात हीच जागा रिकामी दिसते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. खुल्या व्यापाराचे इंग्रजी सिद्धांत सर्व देशांना, सर्व काळी लागू पडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९६ साली, सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली. परदेशी कापडावरच्या आयातकराचा फायदा देशी गिरण्यांना मिळू नये, लँकेशायर नाराज होऊ नये, एवढ्यासाठी. तो कर जायला १९२५ साल उजाडले. ज्या देशाने हे सोसले त्या देशात संरक्षणाची बाजू देशभक्तीची ठरली यात आश्चर्य नाही. ती बाजू बरोबरही होती. पण त्या लढाईत देश म्हणजे गिरणी असे समीकरण बसून गेले. गिरणीला कच्चा माल पुरवणारा आपोआप गिरणीच्या बाजूचा धरला गेला, त्याला वेगळे विचारावे लागेल असे कुणाला वाटले नाही.

बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीचा. थापर उद्योगसमूहाने जागा हेरली ती अचूक होती: वर्धा नदीचे पाणी, जवळच कोळसा, मद्रास-दिल्ली रेल्वेमार्ग आणि पूर्वेला मैलोन्मैल मानवेल बांबूचे जंगल. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. सगळा मिळून चांदा जिल्हा. स्वातंत्र्यानंतरच्या संरक्षणाचे स्वरूप तर आणखी भक्कम झाले. नुसती जकात नव्हे, आयात परवाने. त्याच्या जोडीला सरकारने कारखान्यांशी दीर्घ मुदतीचे करार करून जंगलातला बांबू सवलतीच्या दराने दिला.

या सवलतीचे मोजमाप कर्नाटकातल्या दांडेलीच्या उदाहरणावरून करता येते. माधव गाडगीळ यांनी ते पुन्हा पुन्हा मांडले आहे: तिथल्या कागद कारखान्याला १९५८ च्या सुमारास टनाला दीड रुपया या दराने बांबू दिला गेला. त्याच वेळी टोपल्या विणणारा बुरूड बाजारातून नगावर बांबू घेत होता, टनाच्या हिशेबाने कित्येक पटींनी महाग. आपल्याकडे आकडे वेगळे असतील, रचना तीच होती. कारखाना टनावर घेतो, बुरूड नगावर. कारखान्याचा करार दीर्घ मुदतीचा, बुरुडाला डेपोत येईल तेव्हा आणि मिळेल तसा. सुपे, परडे, ताटवे, धान साठवायच्या ढोल्या यांचा धंदा हाही देशी उद्योगच होता. त्याला संरक्षण मिळाले नाही. उलट त्याचाच कच्चा माल दुसऱ्याच्या संरक्षणासाठी वळवला गेला.

म्हणजे दोन भिंती होत्या. एक बंदरावर, परदेशी कागद अडवणारी. दुसरी जंगलाच्या कडेने, गावाला स्वतःच्या बांबूपासून अडवणारी. पहिलीवर संसदेत चर्चा झाली, टॅरिफ बोर्डाचे अहवाल निघाले. दुसरी १९२७ च्या वनकायद्याने उभी होती. त्या कायद्यात बांबू हे झाड होते, त्यामुळे तो वनखात्याचा, आणि विनापरवाना तोडला तर गुन्हा. पहिल्या भिंतीचा फायदा दुसरीमुळे पूर्णपणे कारखान्याच्या पदरात पडला, कारण दुसऱ्या भिंतीने विकणाऱ्याला एकच गिऱ्हाईक ठेवले होते. खरे तर गावकरी विकणाराही नव्हता. तो तोडीचा मजूर होता, मालक वनखाते.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. जकातीने मालाची किंमत वाढते, हे तिच्या समर्थकांनाही मान्य आणि विरोधकांनाही. वाद असतो तो ही वाढ सोसावी का, यावर. पण वाढलेल्या किमतीतला पैसा साखळीत खाली किती उतरतो, हे जकात ठरवत नाही. कच्च्या मालाला गिऱ्हाईक किती आहेत आणि विकणाऱ्याचा त्या मालावर हक्क काय आहे, यावर ते ठरते. गिऱ्हाईक एकच असेल आणि हक्क शून्य असेल, तर जकात पन्नास टक्के करा की शंभर, तोडणाऱ्याच्या मजुरीत रुपयाचाही फरक पडण्याचे कारण नाही.

हे २००९ साली फार लख्ख दिसले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये भारताने आसियान देशांशी मुक्त व्यापार करार केला. तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि पुढच्या काही वर्षांत इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड इथून येणाऱ्या बहुतेक कागदावरचे शुल्क उतरत उतरत शून्यावर आले. बंदरावरची भिंत त्या बाजूने तरी पडली. त्याच २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २००६ च्या त्या कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले होते, आणि गौण वनोपजाची मालकी गावाची. तरी वनखाते वाहतूक परवाना देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. जंगलाच्या कडेची भिंत तिथे पडली.

आता दोन्हींचे परिणाम पाहा. बंदरावरची भिंत पडली तेव्हा कागद कारखानदारांनी रास्त तक्रार केली की स्वस्त लगदा आणि स्वस्त कर्ज असलेल्या देशांशी आम्हाला उघड्यावर लढायला लावले. ही तक्रार मी खोटी मानत नाही. पण ज्या कंपनीने बल्लारपूरचे नाव जगभर नेले, त्या बल्लारपूर इंडस्ट्रीजने २००७ साली मलेशियातल्या सबाह प्रांतातली लगदा-कागदाची मोठी कंपनी विकत घेतली होती. भांडवलाला भिंत ओलांडता येते. धानोऱ्याच्या बांबूतोड्याला ती ओलांडता येत नाही. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली ही कंपनी २०२० साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बल्लारपूरचा कारखाना तोवर तिच्या उपकंपनीकडे होता. पण कंपनीच्या हेलकाव्यांत कामगारांचे आणि बाजारपेठेचे किती हाल झाले हे बल्लारपुरात कुणालाही विचारावे. ते हाल केवळ परदेशी कागदाने केले असे म्हणणे मात्र सोयीचे आहे, खरे नाही.

उलट जिथे जंगलाची भिंत पडली तिथे बांबूचा भाव ग्रामसभा ठरवू लागली. मेंढ्याने स्वतः बांबू विकला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ साली हजारभर हेक्टरांवर हक्क मिळवला, लिलाव करून बांबू विकायला सुरुवात केली आणि रान जळते, झाडे छाटली जातात म्हणून तेंदूपानाचा हंगाम स्वतःहून बंद केला. वर्षाला हमखास पैसा देणारे पीक गावाने सोडले, कारण बांबूवर पोट भरेल असा त्याला भरवसा होता. गडचिरोलीत त्यानंतर शेकडो ग्रामसभांनी बांबू-तेंदूचे व्यवहार हाती घेतले. सगळे सुरळीत झाले असे नाही. ठेकेदार संगनमत करतात, रक्कम थकवतात, हिशेब लिहिणारा माणूस गावात नसतो. पण एक गोष्ट नाकारता येणार नाही: परदेशी कागद विनाशुल्क येत असतानाच्या काळात बांबू तोडणाऱ्याची मिळकत सुधारली आणि संरक्षणाच्या चार दशकांत ती सुधारली नव्हती.

यावरून कुणी म्हणेल, मग जकाती काढूनच टाका. कापूस तसे म्हणू देत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे वरोरा, राजुरा, कोरपना, जिवती हा कापसाचा मुलूख. २०२१ च्या अर्थसंकल्पाने आयात कापसावर शुल्क बसवले, सगळे मिळून ११ टक्के. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावल्याने कापड उद्योग अडचणीत आला होता, त्याला दिलासा म्हणून. त्या आठवड्यातच भारतीय कापूस महामंडळाने आपल्या गाठींचे विक्रीदर खंडीमागे काही शे रुपयांनी उतरवले. शेतात बोंडे अजून फुटायची होती. वेचणी सुरू होते दसऱ्या-दिवाळीला, आणि बरोबर त्या महिन्यांत बाहेरचा कापूस बिनशुल्क येणार होता. इथे जकातीचा परिणाम थेट शेतकऱ्याच्या गाडीपर्यंत पोचला. कारण इथे संरक्षण कच्च्या मालालाच होते, माल शेतकऱ्याच्या मालकीचा होता, आणि जिनिंगवाले, व्यापारी, महामंडळ असे घेणारे अनेक होते. जकात चढली तर फायदा खाली येतो, उतरली तर तोटाही खाली येतो. हमीभाव जाहीर होता हे खरे, लांब धाग्याला ८,११० रुपये. पण खरेदी केंद्रावरची नोंदणी, ओलाव्याची अट आणि चुकाऱ्याची वाट पाहणे ज्याला परवडत नाही तो खेड्यातल्या व्यापाऱ्यालाच कापूस घालतो, आणि त्या व्यापाऱ्याचा दर मुंबईच्या बातमीवर चालतो.

राजुऱ्याच्या परिसरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची मुळे खोल आहेत. वामनराव चटप तिथूनच आमदार झाले. संघटना खुल्या बाजाराची बाजू घेणारी, मग कापसाचे आयातशुल्क हटवल्यावर शेतकऱ्यांनी ओरड का करावी, असा प्रश्न विचारला जातो. मला त्यात विसंगती दिसत नाही. जोशींची तक्रार होती ती सरकार शेतमालाचा भाव पाडण्यासाठी बाजारात हात घालते याबद्दल. आणि तो हात आजही तसाच चालतो. याच जिल्ह्याच्या पूर्वेला, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि पुढे गडचिरोलीत, धान पिकतो. तांदळाचा भाव चढू लागला तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर २० टक्के शुल्क आले, जुलै २०२३ मध्ये पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद झाली, आणि ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. कापूस महाग होतो असे दिसले की आयातीचे दार उघडते, तांदूळ महाग होतो असे दिसले की निर्यातीचे दार बंद होते. दोन दारे, दोन दिशा, पण दोन्ही वेळा भाव शेतकऱ्याचाच पडतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी तांदूळ देशभर गेला. त्या भागातल्या शेतकऱ्याला खुल्या बाजारात उभे राहण्याची कुवत नाही असे कुणी म्हणू नये. त्याला उभे राहू दिले जात नाही, भाव येतो त्याच वेळी.

तेव्हा जकात असावी की नसावी हा प्रश्न एका वाक्यात सुटणारा नाही. कुठे ती तोडणाऱ्याला पोचते, कुठे पोचत नाही, आणि पोचण्यासाठी तिच्या जोडीला काय लागते, हे प्रत्येक मालाबाबत वेगळे पाहावे लागते. अगरबत्तीच्या काडीचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. साधी बांबूची काडी, आणि तिचे इतके मोठे राजकारण.

काड्या व्हिएतनाम आणि चीनमधून येत, कच्च्या अगरबत्त्याही येत. ऑगस्ट २०१९ मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आला. जून २०२० मध्ये बांबूच्या काडीवरचे आयातशुल्क १० वरून २५ टक्के झाले. बांबूच्या जिल्ह्यांना ही मोठी संधी होती. गडचिरोलीत वनखात्याच्या पुढाकाराने अगरबत्तीची केंद्रे आधीच सुरू झाली होती, त्यांत बहुतेक गावातल्या बायाच काम करत. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र होते. पण शुल्क वाढवून काडी स्वस्त होत नाही. खादी ग्रामोद्योग आयोगानेच २०२१ साली हिशेब मांडला: गोल काडी काढताना बांबूचा जेमतेम १६ टक्के भाग कामी येतो, ८४ टक्के वाया जातो. त्यामुळे चार-पाच हजार रुपये टनाचा बांबू काडीपर्यंत येता येता २५ ते ४० हजारांचा होतो. चीनमध्ये बांबू मुळात महाग, टनाला आठ ते दहा हजार, पण तिथे भुसा, तुकडे, गाठी सगळ्यांचा उपयोग होतो, म्हणून काडीला खर्च १२ ते १५ हजार. आपल्याकडे उरलेल्याचा कोळसा करून विकता आला असता, पण बांबूच्या कोळशाच्या निर्यातीला बंदी होती. ती उठली मे २०२२ मध्ये.

हा तपशील मी मुद्दाम विस्ताराने दिला. परदेशी काडी अडवणारा आपलाच देश आपल्या बांबूच्या कोळशाला बाहेर जाऊ देत नव्हता. शिवाय आपला मानवेल भरीव आणि आखूड पेराचा. काडीला सोयीचा लांब पेराचा, पोकळ बांबू ईशान्येकडचा. त्यामुळे इथे यंत्रे निराळी लागतात, लागवड निराळी लागते, आणि ते काम शुल्काच्या अधिसूचनेने होत नाही. २५ टक्के शुल्क मला मान्य आहे. अगरबत्ती वळणाऱ्या बाईला तेवढा अवधी मिळायलाच हवा. पण त्या अवधीत काय करायचे हे कुणी ठरवले नाही तर मुदत संपते आणि बाई होती तिथेच राहते.

आणि आता लोखंड. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर लॉइड्स मेटल्सची खाण आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना, चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला आधीपासूनचा प्रकल्प. गडचिरोली पोलादाचे केंद्र होणार असे सरकार सांगते. देशात स्वस्त चिनी पोलाद घुसते म्हणून एप्रिल २०२५ मध्ये काही सपाट पोलादी मालावर १२ टक्के तात्पुरते सुरक्षा शुल्क आले, आणि वर्षअखेरीस ते तीन वर्षांसाठी ठरले: १२, मग ११.५, मग ११ टक्के. मुदत आहे, उतरता दर आहे, हे चांगले. देशाचे पोलाद टिकायला हवे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण सुरजागडच्या माडिया गोंडांसाठी तो डोंगर ठाकूरदेवाचा आहे. भोवतालच्या ग्रामसभांनी खाणीला विरोधाचे ठराव केले, वर्षानुवर्षे आंदोलने केली. बांबूला निदान २००६ च्या कायद्याने मालक दिला. खनिजाचा मालक राज्य आहे. पोलादाचा भाव शुल्कामुळे चढला तर खनिजाला मागणी वाढेल, डोंगर लवकर उतरेल, स्वामित्वधन सरकारला जाईल, आणि त्याच्या ठरावीक प्रमाणात वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात. त्यातून रस्ते होतील, दवाखाने होतील, ते व्हायलाच हवेत. तरी ही रक्कम गावाच्या हाती नसते, ती खर्च कुठे करायची हे जिल्ह्याच्या ठिकाणी ठरते. विकणारा म्हणून गाव इथे कुठेच उभे नाही. १९५० च्या दशकात बांबूचे जे झाले तेच खनिजाचे होते आहे, आणि या वेळी ते परत फुटणाऱ्या मालाबाबत नाही.

संरक्षणाच्या निर्णयात कुणाचे ऐकले जाते याचा एक जुना पुरावा त्या १९२५ च्या कायद्यातच आहे. यांत्रिक लगद्याच्या वृत्तपत्री कागदाला त्या जकातीतून वगळले होते. वर्तमानपत्रे महाग होऊ नयेत म्हणून. २०१९ च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्री कागदावर १० टक्के शुल्क आले, वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, पुढच्याच वर्षी ते ५ टक्क्यांवर आले. वर्तमानपत्रांची मागणी गैर होती असे मी म्हणत नाही. त्यांना बोलायला जागा होती, आणि बोलले की ऐकले जाते हे त्यांना ठाऊक होते.

आज शुल्काची चौकशी वाणिज्य मंत्रालयातले व्यापार उपाय महासंचालनालय करते. तिथे देशी उत्पादक येतात, आयातदार येतात, परदेशी निर्यातदार वकील घेऊन येतात, माल वापरणारे उद्योग येतात. कागदावरच्या चौकशीत बांबू पिकवणाऱ्या ग्रामसभेला हितसंबंधी म्हणून बोलावले जात नाही. बोलावले तर ती काय मागेल, हे ओळखणे अवघड नाही. १९३२ सारखे आयात लगद्यावर शुल्क आज बसवायचे ठरले, तर कारखाने निलगिरी, सुबाभूळ आणि परदेशी लगद्याकडून पुन्हा बांबूकडे वळू शकतील, आणि या वेळी तो बांबू ग्रामसभांच्या मालकीचा असेल. म्हणजे संरक्षणाची मागणी गडचिरोलीतूनच उठू शकते, कारखान्याच्या आधी. तिच्यासोबत तीन गोष्टी याव्यात: शुल्काचा लाभ घेणाऱ्या कारखान्याने ग्रामसभांच्या लिलावातच बांबू घ्यावा, दिलेला दर आणि चुकाऱ्याची तारीख जाहीर करावी, आणि ज्या वर्षी हे झाले नाही त्या वर्षी त्याचे संरक्षण थांबावे. धानोरा, कोरची, कुरखेड्याच्या ग्रामसभांनी एकत्र येऊन असा अर्ज दिल्लीला करावा, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या खासदार-आमदारांनी त्यावर सही करावी. ठराव लिहायची सवय या गावांना गेल्या पंधरा वर्षांत लागलेली आहे.